‘फुल स्विंग’ म्हणजे ‘जोरात’ नव्हे

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला, ‘शिफ्टिंग इन फुल स्विंग!’ प्रत्यक्षात दोन खोकी उघडी पडली होती आणि चिकटपट्टीचं टोक सापडेना म्हणून आम्ही तिघं ती नखानं खरवडत बसलो होतो. अर्ध्या तासात साहेब हजर. इकडेतिकडे बघून म्हणाले, ‘‘कुठाय स्विंग?’’

तेव्हापासून हा वाक्प्रचार डोक्यात घोळतोय.

आपण त्याचं मराठी सरसकट ‘जोरात सुरू’ असं करून टाकतो. मला ते पटत नाही. लहान मुलाला झोका देऊन बघा. पहिले चार-पाच हेलकावे आपल्या दंडात जाणवतात. मग झोका लयीत येतो आणि नुसती पाठीला बोटं टेकवली तरी पुरतं. फुल स्विंग म्हणजे ते. म्हणून याच्या जवळचा आपला शब्द ‘भर’. गप्पा ऐन भरात आल्या, मैफल रंगात आली. जोर लावावा लागतो, भर येतो.

इंग्रजीतली बाकीची भावंडं वेगळ्या स्वभावाची. ‘फुल टिल्ट’मध्ये भाला रोखून घोडा फेकणारे सरदार आहेत. ‘फुल स्टीम’मध्ये कुणीतरी बॉयलरखाली कोळसा ढकलतंय. ‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’ म्हणजे ऑर्गनच्या सगळ्या खुंट्या ओढून सगळ्या नळ्यांत हवा सोडायची. तिथे शर्थ आहे, लय असेलच असं नाही.

आणि हा वाक्प्रचार चालतो तो टिकणाऱ्या गोष्टींना: पार्टी, प्रचार, हंगाम, तयारी. शिंक फुल स्विंगमध्ये नसते. (मध्ये ‘द’ही घुसवू नका, ‘इन द फुल स्विंग’ कानाला टोचतं.) बरेचदा तो उशिरा आलेल्या माणसाच्या तोंडी असतो: आम्ही पोचलो तेव्हा पार्टी इन फुल स्विंग होती. म्हणजे आपल्यावाचून तिचं काही अडलेलं नव्हतं! ‘नुकतंच सुरू केलंय, ओरडू नका’ या अर्थानं तो वापरणं ही माझी शुद्ध लबाडी होती.

काल साहेब पुन्हा आले. कुणी मान वर केली नाही. एकीनं न बघताच त्यांच्या हातात खोकं दिलं, ‘‘हे जरा तिकडे ठेवा.’’ त्यांनी ठेवलं. ग्रुपवर मी काही टाकलं नाही, सुचलंच नाही.