फळमाशीचे स्विच आणि ‘भरताड’ डीएनए : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फळमाशीच्या जीनोमवरच्या (म्हणजे तिच्या संपूर्ण डीएनएवरच्या) माझ्या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्यात. उत्क्रांती म्हणजे जनुकांच्या स्विचमधले (जनुक कुठे आणि कधी चालू व्हायचं ते ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांमधले) बदल, हे माझं विधान अतिशयोक्त आहे, ही पहिली. माशीच्या दोन जातींमध्ये स्विचची डीएनए-अक्षरं जुळत नसूनही काम चालत असेल तर तो डीएनए निव्वळ भरताड, म्हणजे बिनकामाचा आहे, ही दुसरी. आणि काही स्विच काढून टाकले तरी अळी ठणठणीत राहते, मग ते हवेत कशाला, ही तिसरी. पहिली मला मान्य आहे. उरलेल्या दोन नाहीत, आणि त्यांच्यासाठीच एवढं लांब लिहितोय.

पहिलीचं चटकन सांगतो. ते वाक्य मी सैल लिहिलं. कीटकांच्या पोटाला पाय नसतात, यामागे स्विचमधला नव्हे, तर अल्ट्राबायथोरॅक्स या प्रथिनातच झालेला बदल हे एक कारण आहे. आर्टेमिया या कवचधारी प्राण्याचं तेच प्रथिन फळमाशीच्या गर्भात तयार करवलं, तर पायांची वाढ ते माशीच्या प्रथिनाइतकी रोखू शकत नाही. होपी हुकस्ट्रा आणि जेरी कॉइन या उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी 2007 मध्ये असाच आक्षेप घेतला होता : प्रथिनांमधल्या बदलांचे पुरावे भरपूर असताना सगळं श्रेय स्विचना देऊ नका. लेखात दुरुस्ती करतो.

आता भरताड. ईव्हन-स्किप्ड हे जनुक घ्या. अंडं घातल्यावर साधारण तीन तासांत गर्भावर त्याचे सात पट्टे दिसू लागतात आणि पुढे शरीराचे खंड पडतात ते त्यांच्या आधारानं. यातल्या दुसऱ्या पट्ट्यासाठी सुमारे 500 अक्षरांचा वेगळा स्विच आहे. बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं तो चालू करतात, डोक्याच्या बाजूनं जायंट आणि शेपटीच्या बाजूनं क्रूपेल तो दाबून धरतात. या दोघांच्या कचाट्यातून जी चिंचोळी जागा सुटते तिथे जनुक चालू राहतं. पट्टा म्हणजे एवढंच.

ड्रॉसोफिला मेलानोगास्टर आणि ड्रॉसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा या फळमाशीच्या दोन जाती कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. या स्विचवर प्रथिनं चिकटण्याच्या काही जागा त्यांच्यात बदलल्यात, एखादी तर एकीत आहे आणि दुसरीत नाहीच. तरी स्यूडोऑब्स्क्युराचा स्विच मेलानोगास्टरच्या गर्भात घातला की पट्टा बरोबर जागी येतो. इथवर तुमचं म्हणणं टिकतं.

पण मार्टिन क्रायटमन या संशोधकाच्या गटानं 2000 मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला तो मला आजही थक्क करतो. त्यांनी दोन्ही स्विच मध्ये तोडले आणि एकीचा अर्धा भाग दुसरीच्या अर्ध्याला जोडला. दोन्ही प्रकारे जोडून पाहिलं, दोन्ही वेळा पट्टा बिघडला. भरताड असतं तर कसंही जोडून चाललं असतं! पूर्ण स्विच चालतात आणि सांधलेले चालत नाहीत, याचा अर्थ एका जागी झालेली झीज त्याच स्विचमध्ये दुसऱ्या जागी भरून निघाली होती. ही भरपाई प्रत्येक जातीनं आपापल्या परीनं केली, म्हणून एकीचा अर्धा दुसरीच्या अर्ध्याशी जमत नाही. नैसर्गिक निवडीनं पट्टा राखला, अक्षरं मात्र सरकू दिली.

तिसरी हरकत. अळीच्या अंगावरचे बारीक केस शेव्हनबेबी या जनुकामुळे येतात, आणि त्याला मुख्य स्विचशिवाय काही ‘जादा’ स्विच आहेत. ते काढले तर नेहमीच्या तापमानाला केसांत फारसा फरक पडत नाही. तापमान फार खाली किंवा फार वर गेलं की मात्र केस कमी होतात. 2010 चं हे काम. तुमची ठणठणीत अळी सुखाच्या दिवसांतली आहे.

याच जनुकाची दुसरी बाजू सेशेल्स बेटांवरच्या ड्रॉसोफिला सेशेलिया या फळमाशीत दिसते. तिच्या अळीच्या पाठीवरचे बरेचसे केस गेले, ते अनेक स्विच बदलल्यामुळे. मादीची अंडी तयार व्हायलाही हेच जनुक लागतं. ते पूर्ण निकामी झालं असतं तर केसांबरोबर वंशही गेला असता.

जनुकांबाहेरचा सगळा डीएनए कामाचा आहे, असा माझा दावा नाही. मेलानोगास्टरच्या जीनोमचा जवळपास एक-तृतीयांश भाग घट्ट गुंडाळलेला आहे आणि त्यात त्याच त्या अक्षरांच्या लांबच लांब माळा आहेत. त्यातल्या बऱ्याचशांना भरताड म्हणालात तर मी वाद घालणार नाही. ईव्हन-स्किप्डच्या त्या 500 अक्षरांना मात्र तसं म्हणू नका.