पाव्हणं, भोपळा काय म्हणतोय?

आमच्या घरी सकाळी साडेसहाला गजर लागत नाही, सासऱ्यांचा फोन येतो. मामा तासगाव तालुक्यातले, चार एकर द्राक्षबाग, आणि पस्तीस वर्षं रोज सकाळी उठून आधी तोंड वर करून आभाळ बघायचं आणि मगच तोंड धुवायचं असा त्यांचा शिरस्ता. फोन उचलला की हॅलो नाही, बरं आहे का नाही, थेट, "पाव्हणं, आभाळ हाय का तिकडं?"

आता मी राहतो सांगलीत विश्रामबागला, मामांपासून तास-दीड तासावर, तिकडचं आभाळ आणि इकडचं आभाळ यात असा काय फरक असणार, पण मी लग्नानंतर पहिली दहा वर्षं खिडकीतून डोकं बाहेर काढून "थोडं हाय मामा" असं सांगत आलो. पगारी माणूस मी, मला आभाळाचा उपयोग म्हणजे छत्री घ्यायची का रेनकोट एवढाच. घराच्या मागं बारा बाय वीसची जागा मोकळी होती, तिथं मी भाजी लावायचं ठरवलं आणि मग मलाही आभाळ कळायला लागलं.

जागा म्हणजे काय, घर बांधताना उरलेला मुरूम, विटांचे तुकडे आणि गवंड्याची एक चप्पल. त्यावर नदीकाठच्या मळीची माती एक ट्रॉली आणून टाकली. कृष्णाकाठची वांगी म्हणजे सगळ्या महाराष्ट्राला माहीत, मग तीच माती आणली की तीच वांगी येणार असा माझा सरळ हिशोब. आली तीच वांगी, नाही असं नाही, पण प्रत्येक वांग्यात आधीच कोणीतरी राहायला आलेलं होतं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "शेंडअळी हाय ती. शेंडं वाकलेलं दिसलं न्हाईत व्हय तुमाला?" दिसले होते की. मला वाटलं उन्हानं माना टाकल्यात, म्हणून मी त्यांना रोज जास्त पाणी घालत होतो.

फळझाडं पण लावली, ते पटकन सांगून टाकतो कारण सांगण्यासारखं काही नाही. पपईची तीन रोपं लावली, तिन्ही नर निघाली, लांब लांब दांड्यांना फुलांचे झुपके, पपई एक नाही. लिंबावर पक्ष्यांची शीट पडलीय म्हणून मी पंधरा दिवस रोज पाण्यानं धुवायचा प्रयत्न करत होतो, मग एक दिवस ती शीट चालायला लागली. फुलपाखराच्या अळ्या त्या. पोरानं शाळेत सांगितलं की आमच्या घरी फुलपाखरं पाळलीत. लिंबू अजून बाजारातूनच येतं.

औषध मारायचं नाही हा बायकोचा नियम. "घरचंच खायचं तर विकतसारखं कशाला करायचं," हे तिचं म्हणणं, आणि ते बरोबरही आहे. म्हणून जीवामृत करायचं ठरलं. शेतकरी दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये करतात, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. मी रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत सगळं दहावा हिस्सा करून टाकलं. दोनशे ग्रॅम बेसन डब्यातून काढताना बायको नुसती बघत उभी होती, शेवटी म्हणाली, "ह्यात चौघांचं पिठलं झालं असतं." सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, दुसऱ्या दिवशी फेस, तिसऱ्या दिवशी असा वास की शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अहो, तुमच्या ड्रेनेजचं बघा जरा, तुंबलंय वाटतं."

उन्हाळा मात्र खरा आमच्यासारख्यांचा शत्रू. एप्रिलात सांगली चाळिशी गाठते, टोमॅटोला फुलं भरपूर, आणि सगळी फुलं देठासकट खाली. रात्री पण गारवा नसला की फळ धरत नाही म्हणे. मिरचीला बोकड्या, पानं अशी वाटीसारखी वळलेली की झाडच रुसून बसलंय. अशातच एका रविवारी दुपारी दोनला मला रोपांची दया आली. रोपं सुकलेली बघवेना म्हणून पाईप लावला आणि बोटानं न बघता मिरचीच्या बुडात सोडला. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी, वरून उन्हात पडलेला पाईप, त्या पाण्यात चहा झाला असता. सहा रोपं संध्याकाळपर्यंत उकडून झोपली. मामांना मी सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं.

मग पन्नास टक्के सावलीचं हिरवं शेडनेट आणलं, चार बांबू रोवले, वर ताणून बांधलं, फोटो काढून मामांना पाठवला. तीन दिवसांनी वळीव आला. वळीव म्हणजे आपल्याकडं पाऊस नंतर, आधी वारा, मग माती, मग कोणाचे तरी पत्रे. आमचं शेडनेट एका बांबूसकट उडालं आणि शेजारच्या काकूंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसलं. मी पळत वर गेलो तर काकू नेटच्या एका टोकाला लोंबकळत होत्या, कुरडया वाचवायच्या का नेट धरायचं हे त्यांचं ठरत नव्हतं. ओल्या कुरडया नेटला अशा चिकटल्या की सोडवताना प्रत्येकीवर चौकटीची नक्षी. त्या वर्षी काकूंनी तळलेल्या कुरडया आमच्याकडं दिल्या तेव्हा माझ्या पोरानं विचारलं, "ह्या डिझाईनच्या कुठं मिळतात?"

मृग लागला आणि मी दुधी भोपळा लावला. एकच वेल. लेखाचा विषय खरं तर हाच आहे, बाकी सगळं मी उगाच सांगत बसलो.

जुलैत पाऊस लागला तो लागलाच. सांगलीत पावसाळ्यात माणसं वेगळी भाषा बोलतात, बाहेरच्याला कळत नाही. कोयना धरण किती भरलं, त्याच्या एकशे पाच टीएमसीत आता किती, दरवाजे किती फुटांनी उचलले आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं बघितलंय आम्ही, त्यामुळं इशारा ४० आणि धोका ४५ हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आमच्या भागात पाणी आलं नाही, पण तेव्हापासून ३५ फूट म्हटलं की बायको तांदळाचे डबे माळ्यावर ठेवायला काढते. तर असं सगळं गाव फुटात बोलत असताना मी पण फुटातच बोलत होतो, भोपळ्याच्या वेलाच्या. ऑफिसात कोणी विचारलं "किती झालं?" की मी चुकून "चौदा" म्हणायचो आणि माणसं दचकायची.

वेल जोरात. फुलं पण जोरात, पांढरीशुभ्र, पण सगळी नर. मग एकदाची मादी फुलं आली, मागं बोटाएवढा लवदार भोपळा घेऊनच येतात ती, बघून इतका आनंद झाला की मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. चार दिवसांत पिवळा पडून गळाला. दुसरा पण. तिसरा पण. सकाळी साडेसहाला आभाळाची चौकशी झाल्यावर मी मामांना सांगितलं. फोनवर जरा वेळ शांतता, मग म्हणाले, "पावसात माश्या येत न्हाईत पाव्हणं. तुमीच लगीन लावा."

"म्हणजे?"

"नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादीच्या तोंडाला लावायचं. संध्याकाळचं करा, भोपळ्याचं फूल रात्री उमलतंय."

आता नोकरदार माणसाची संध्याकाळ म्हणजे साडेआठ. अंगात रेनकोट, पोराच्या हातात टॉर्च, बायकोच्या हातात छत्री, ती माझ्यावर नाही, फुलावर. स्टुलावर उभा राहून मी नर फुलाच्या पाकळ्या काढतोय, बोटाला पिवळी पूड लागलीय, मादी फूल पानाआड, पोराचं लक्ष बेडकाकडं म्हणून टॉर्च पण बेडकावर. "अरे इकडं दाव, इकडं!" हे मी जरा मोठ्यानं बोललो असणार, कारण काकूंच्या गच्चीतला दिवा लागला.

"काय हो, चोर आलाय का?"

"नाही काकू," आमचं पोरगं म्हणालं, "पप्पा भोपळ्याचं लग्न लावतायत."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मुहूर्त किती वाजताचा आहे?" आणि दिवा घालवून आत गेल्या.

पहिलं लग्न मोडलं, पराग भिजला. दुसऱ्या वेळी फुलावर दुधाची रिकामी पिशवी बांधली, तिच्यात मुंग्या गेल्या. तिसऱ्या वेळी टिकलं. आठवड्यात मुठीएवढा, पंधरा दिवसांत मनगटाहून जाड. मग फळमाशीची भीती, ती एक डंख मारून जाते आणि फळ तिथंच वाकडं होऊन आतून सडतं, म्हणून मी माझ्या जुन्या लेंग्याचा एक पाय कापून भोपळ्याला चढवला, वरून नाडी पण बांधली. येणारा-जाणारा कुंपणातून बघायचा, वेलाला लेंगा लटकलेला आणि आत काहीतरी भरलेलं.

खाण्यासारखा झाला तेव्हा बायको म्हणाली, आज कोफ्ते करू. मी म्हटलं थांब, मामांना दाखवून मग तोडू. नुसता फोटो पाठवून काय कळतंय, माणसानं हात लावून बघितला पाहिजे. मामा म्हणाले, "येतो की, छाटणी उरकू द्या." म्हणजे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी. ती उरकली तर पाऊस उरकेना. दिवाळी तोंडावर आली तरी आभाळ, सकाळी दव, बाग पोंग्यातून, म्हणजे कोवळ्या फुटीतून, घडात येत असलेली, आणि वरून हे. डावणीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची, वेळ. मामा रात्री अकराला फवारायचे, पहाटे पाऊस धुवून न्यायचा, परत सकाळी ट्रॅक्टर जोडायचे. ह्या सगळ्यात साडेसहाचा फोन चुकला नाही. फक्त आता "आभाळ हाय का" विचारायचं त्यांनी सोडलं होतं. फोन उचलला की म्हणायचे, "पाव्हणं, भोपळा काय म्हणतोय?"

मी पण सांगत सुटायचो. पानावर भुरी आलीय मामा, पांढरी पावडर टाकल्यागत. खालची पानं गेली मामा. उन्हानं एका बाजूला सालीवर डाग पडलाय मामा. ते ऐकून घ्यायचे, म्हणायचे, "पानं काढून टाका, वारं खेळू द्या." मागून फवारणीच्या ब्लोअरचा आवाज यायचा. एकदा बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बाहेर जाऊन बोलत बसली. आत आली तेव्हा म्हणाली (मामांना ती आप्पा म्हणते), "आप्पांची खालची दीड एकर गेली. घड कुजले." मग मला म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना डाग सांगताय."

दुसऱ्या दिवशी मी भुरीचं काही काढलं नाही. तर मामाच म्हणाले, "डाग वाढला का हो?"

थंडी पडल्यावर आले एकदाचे, एसटीनं, मफलर गुंडाळून. चहा पण नको म्हणाले, सरळ मागं. लेंगा बघून काही बोलले नाहीत, नाडी सोडली, भोपळा बाहेर काढला आणि बोटाच्या पेरानं ठोकून बघितला. टण टण. दारावर ठोकावं तसा आवाज.

"पाव्हणं, ह्याची भाजी दोन महिन्यामागंच झाली असती. आता बी धरलंय ह्यानं." मग खाली उकिडवे बसून जरा वेळ तसेच हात लावून होते. "पर फळ चांगलं हाय. सरळ हाय. बियाणाला धरू."

जाताना भोपळा मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं म्हणे, ह्याचं लगेज का फुल्ल तिकीट.

तिकडं बेदाण्याच्या शेडमध्ये वर टांगून ठेवला होता. शिमगा झाल्यावर मामांनी फोडला आणि बिया कागदात बांधून पाठवल्या. पोरानं मोजल्या, दोनशे अकरा. मी फोन केला, ह्या वेळी सकाळी सव्वासहाला, त्यांच्या आधी. म्हटलं मामा, बारा बाय वीसमध्ये दोनशे अकरा वेल कुठं लावू? म्हणाले, "गल्लीत वाटा."

वाटल्या. काकूंना चार दिल्या, त्यांनी गच्चीवर जुन्या टबात लावल्या. परवा पाऊस लागलेला, रात्री साडेआठची वेळ, मी जेवायला बसलो होतो आणि खिडकीतून बघतो तर काकूंच्या गच्चीवर टॉर्च, आणि काकांचा आवाज, "अगं पण ह्यातलं नर कुठलं?"