आधी विचारा, मग घाला

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीतले चार जण जुने लॅपटॉप घेऊन माझ्या दारात उभे. प्रोसेसर जुने, त्यामुळे विंडोज 11 त्यांच्यावर चालेना. चौघांनाही लिनक्स ही फुकट, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली) ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. तेव्हापासून त्या चार मशीनची जबाबदारी माझी. म्हणूनच आता अशा ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममध्येही एआय घालायची भाषा सुरू झाली, की मला गप्प बसवत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा लॅपटॉप घ्या. रॅम 4 जीबी. 7 अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे तसं लहानच एआय मॉडेल, त्यातला प्रत्येक आकडा दाबूनदाबून 4 बिटवर आणला तरी जवळपास तेवढीच मेमरी खातं. म्हणजे तिथे ते धड चालणारच नाही. मग ते बाहेर कुठेतरी चालवावं लागणार, आणि काकू जे लिहितील, जे विचारतील, ते कुणाच्या तरी सर्व्हरवर जाणार.

उगाच बागुलबुवा करत नाहीये. 2012 साली उबुंटू या लोकप्रिय लिनक्सच्या 12.10 आवृत्तीत हे झालेलं आहे. आपल्याच कॉम्प्युटरवरची फाइल शोधायला काही टाइप केलं, की ते शब्द उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरवर जायचे आणि समोर ॲमेझॉनवरच्या वस्तू यायच्या. बंद करता येत होतं, पण आधीपासून चालूच असायचं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला सरळ स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर म्हटलं. ते मुळातच बंद ठेवून द्यायला 2016 ची 16.04 आवृत्ती उजाडावी लागली. लिनक्स वापरणारे जुने लोक आज एआयबद्दल साशंक आहेत ते उगीच नाही.

एआयशी माझं वैर नाही. काकूंकडे काकांच्या छापून आलेल्या लेखांची कात्रणं आहेत, पिवळी पडलेली, कडा झडलेली. ती स्कॅन करून आम्ही टेसरॅक्टमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्राममधून, मजकूर काढला. त्याचं मराठीचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, आणि चौथ्या आवृत्तीपासून तेही न्यूरल नेटवर्कवरच, म्हणजे एआयवरच चालतं. जोडाक्षरं चुकली, रफार गळाले. काकू भिंग घेऊन ओळ न् ओळ ताडून बघत होत्या. पण नेट बंद ठेवून सगळं काम झालं, काकांचं एक अक्षर घराबाहेर गेलं नाही. अशा एआयला कोण कशाला नावं ठेवेल? हवं त्याने टाकावं, नको त्याने काढावं.

नवीन जे काही येईल ते असंच यावं. वेगळ्या पॅकेजात, आणि विचारून. ही रीत आपल्याकडे आहेच की. कोणती पॅकेजेस वापरता याची माहिती पाठवू का, असं डेबियन हा लिनक्सचा प्रकार इन्स्टॉल होतानाच विचारतो, आणि उत्तर आधीपासून 'नाही'वर असतं. काकूंचं मशीन लावताना तो प्रश्न आला तेव्हा मी त्यांना मराठीत समजावून सांगितला.

"नाही म्हटलं तर काही अडेल का रे?" त्यांनी विचारलं.

काही अडत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच एंटर दाबलं.