लायब्ररीतला मुलांचा विभाग: काकांच्या कॉमेंटला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण रिटायर्ड शिक्षक आहात, मुलगा-सून न्यूजर्सीत असतात, दोन नातवंडं आहेत एवढं कॉमेंटवरून कळलं, म्हणून काका म्हणते, चालेल ना? कॉमेंट मोठी आहे, रागाने लिहिलेली आहे, आणि तो राग मला समजतो, त्यामुळे खाली दोन ओळी टाकून मोकळं होण्यापेक्षा सविस्तरच लिहितेय.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमधे मी लिहिलं होतं की इकडे अमेरिकेत सहा महिने राहायला येणाऱ्या आईबाबांना पब्लिक लायब्ररीच्या मुलांच्या विभागात कसं वागायचं हे आपण आधीच नीट समजावून सांगावं, म्हणजे सोबत मूल नसेल तर तिथे बसू नये, दुसऱ्याच्या मुलाला हात लावू नये, खाऊ देऊ नये, फोटो काढू नयेत. त्यावर काका लिहितात: "अमेरिकेत जाऊन तुम्ही आपल्याच आईबापांकडे संशयाने बघायला शिकलात. आमच्या वाड्यात पोरं सगळ्यांची असायची. लेकराच्या गालाला हात लावला तर काय बिघडतं? लायब्ररी सार्वजनिक आहे, माझा मुलगा टॅक्स भरतो, मग मला तिथून उठवणारी ती बाई कोण?" आणि पुढे त्यांचा प्रसंग आहे, की वरच्या मजल्यावर जागा नव्हती म्हणून ते खाली मुलांच्या पुस्तकांपाशी सोफ्यावर पेपर वाचत बसले होते, मुलगा न्यायला येईपर्यंत, आणि स्टाफमधल्या एका बाईने येऊन आधी "काही शोधताय का, मदत करू का" विचारलं आणि मग दुसरीकडे बसायला सांगितलं.

मी इथल्याच एका दुसऱ्या लायब्ररीत मुलांच्या विभागात पार्टटाइम काम करते, त्यामुळे "ती बाई" म्हणजे मीच असते रोज, फक्त वेगळ्या गावात. "काही शोधताय का" हा प्रश्न आम्हाला मुद्दाम शिकवलेला असतो, एकटं मोठं माणूस त्या भागात दिसलं की पहिलं वाक्य हेच. कारण बहुतेक वेळा उत्तर साधंच असतं, कोणी शाळेची टीचर असते, कोणाची बायको मुलाला घेऊन बाथरूमला गेलेली असते, कोणाला भाचीसाठी पुस्तक न्यायचं असतं, मग आम्ही पुस्तक काढून देतो आणि विषय संपतो. उत्तर "नाही, नुसता बसलोय" असं आलं तरच मग आम्ही मोठ्यांच्या विभागाकडे बोट दाखवतो. माणूस कोण आहे, कसा दिसतो, किती वर्षांचा आहे याचा त्यात संबंध नसायला पाहिजे.

आता टॅक्सचं. तुमचा मुलगा भरतोच, अगदी खरंय. न्यूजर्सीत म्युनिसिपल लायब्ररीला किमान किती पैसे द्यायचे ते राज्याच्या कायद्यातच आहे, मालमत्तेच्या किंमतीच्या दर हजार डॉलरला एका डॉलरचा तिसरा हिस्सा, म्हणजे पाच लाखाच्या घरामागे वर्षाला साधारण 167 डॉलर. पण त्याने सगळी बिल्डिंग सगळ्यांना सगळ्या वेळी मोकळी होत नाही. यावर इथे कोर्टात भांडण झालेलं आहे, तेही न्यूजर्सीतच. मॉरिसटाउनच्या लायब्ररीने एका बेघर माणसाला बाहेर काढलं, तो कोर्टात गेला आणि 1992 मधे फेडरल अपील कोर्टाने निकाल दिला. कोर्टाने सांगितलं की लायब्ररीत जाऊन माहिती मिळवणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, पण ही जागा वाचायला, अभ्यासाला आहे, त्या कामाला धरून वाजवी नियम लायब्ररी करू शकते. त्यांच्या नियमांमधे दुसऱ्याला त्रास होईल असं टक लावून बघू नये, मागे मागे फिरू नये असंही होतं आणि ते कोर्टाने चालवून घेतलं. म्हणजे पुस्तकावरचा तुमचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही, पण कुठल्या खुर्चीवर बसायचं ते लायब्ररी ठरवू शकते. मुलांच्या विभागातलं कुठलंही पुस्तक तुम्हाला काढून नेता येतं, आम्ही विचारतही नाही कोणासाठी. एक आजी आमच्याकडे रोज चित्रांची पुस्तकं घेऊन जायच्या, इंग्रजी शिकायला, आणि मला ते फार आवडायचं, त्या पुस्तकं घ्यायच्या आणि बाहेरच्या मोठ्या टेबलावर बसून बोट ठेवून ठेवून वाचायच्या. त्यांना कोणी हटकलं असतं तर मी स्वतः भांडले असते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात वयावरून कोणाचा लायब्ररी वापरण्याचा हक्क डावलू नये असं 1967 पासून लिहिलंय, ते मुलांसाठी लागू आहे तसंच आजीलाही.

मग ती जागा वेगळी ठेवायचीच कशाला? कारण ती सहज मिळालेली नाहीये काका. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बऱ्याच लायब्ररीत लहान मुलांना आतच घ्यायचे नाहीत. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत 1896 च्या सुमारास खास मुलांसाठी खोली झाली, तिथे अॅन कॅरल मूर या लायब्रेरियन होत्या, पुढे त्यांनीच न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत मुलांचं काम उभं केलं आणि 1911 मधे तिथल्या मुख्य इमारतीत मुलांची खोली सुरू झाली. तेव्हापासूनची कल्पना अशी की या एका खोलीत सगळं मुलाच्या मापाचं, कपाट त्याच्या हाताला येईल एवढं, खुर्ची त्याचे पाय टेकतील एवढी, आवाज थोडा झाला तरी कोणी दटावणार नाही. तिथे मोठं माणूस येतं ते मुलाबरोबर आलेलं म्हणून. तुम्ही नातवाबरोबर गेलात तर दिवसभर बसा, पसरून बसा, मोठ्याने वाचून दाखवा, कोणी ब्र काढणार नाही.

तुम्ही लिहिलंय की सोफा रिकामा होता, कुणाची अडचण झाली? हा प्रश्न रास्त आहे. मी जे रोज बघते ते सांगते. चार वर्षांची मुलगी गालिच्यावर पालथी पडून पुस्तक बघत असते, आई दोन कपाटं सोडून धाकट्यासाठी काहीतरी शोधत असते. तेवढ्यात ओळखीचा नसलेला कोणी मोठा माणूस जवळच्या सोफ्यावर येऊन बसला की ती मुलगी उठत नाही, काही बोलत नाही, पण आई परत येऊन तिच्याशेजारी बसते आणि धाकट्याचं पुस्तक राहून जातं. काही आया निघूनच जातात. आम्हाला तक्रार कोणी करत नाही, पण दुपारच्या गर्दीतली माणसं कमी होतात ते दिसतं. तो माणूस अगदी सज्जन असेल, बहुतेक वेळा असतोच, पण त्या आईला ते कळायचं कसं? म्हणून नियम सरसकट सगळ्यांना. तुम्हाला तो अपमान वाटला, मला मात्र वाटतं की सरसकट नियमाने सज्जन माणसाचीच सोय होते, कारण मग कोणाला निवडून काढून "तुम्ही" असं म्हणावं लागत नाही.

गालाला हात. काका, इथे मी जरा आग्रहाने बोलणार आहे. तुमच्या मनात माया आहे यात मला शंकाच नाही. पण ते मूल तुमची माया बघू शकत नाही, त्याला एक अनोळखी हात येताना दिसतो. इथल्या मुलांना बालवाडीपासून शिकवतात की तुझ्या अंगाला कोणी हात लावायचा ते तू ठरवायचं, नको असेल तर नाही म्हणायचं, आणि मोठ्यांनी ते ऐकायचं. आता हे शिकवलेलं मूल मागे सरकलं आणि आपण हसत हसत "अगं लाजतेस काय" म्हणत पुढे गेलो तर आपण त्याला काय शिकवलं? की तू नाही म्हणालीस तरी मोठी माणसं ऐकत नाहीत. हे मला अजिबात चालत नाही, तिथे अमेरिका-भारत काही नाही. मूल पडलं, जिन्याकडे धावलं, कपाट अंगावर ओढून घ्यायला लागलं तर धावून जा, उचला, तेव्हा नियमबियम बघू नका. चुकलेलं मूल रडत असेल तर त्याच्या जवळ थांबा आणि आम्हाला हाक मारा, त्याला हाताला धरून आई शोधत बिल्डिंगभर फिरू नका. आणि "मला सू आलीये" असं एखादं पिल्लू तुम्हाला येऊन म्हणालं तरी त्याला घेऊन बाथरूममधे जाऊ नका, आम्हाला स्टाफलासुद्धा ते मना आहे, आम्ही आधी पालक शोधतो.

खाऊचं तर प्लीज ऐकाच. मागच्या पोस्टमधे मी चिक्कीचं लिहिलं त्यावर तुम्ही "एका चिक्कीने कोणी मरत नाही" असं लिहिलंय. मरू शकतं काका. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलाला एका तुकड्याने घसा सुजून श्वास अडकू शकतो, त्या मुलांच्या आया इंजेक्शन पर्समधे घेऊन फिरतात. आणि तिळाचीही अॅलर्जी असते, इथे 2023 पासून पॅकेटवर तीळ असल्याचं लिहिणं सक्तीचं झालंय, दूध-अंडी-शेंगदाण्यासारखंच. म्हणजे संक्रांतीचा आपला तिळगूळ, ज्यात तीळही आणि दाण्याचं कूटही, तो त्या खोलीत अनोळखी मुलाच्या हातावर ठेवणं फार धोक्याचं आहे. तीन वर्षांच्या मुलाला स्वतःची अॅलर्जी सांगता येत नाही आणि गोड दिसलं की ते तोंडात टाकतं. द्यायचाच असेल तर आईला विचारा, तिच्या हातात द्या, ती नको म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका.

फोटोबद्दल थोडंच लिहिते. नातू स्टोरीटाइमला, म्हणजे लायब्ररीत मुलांना गोष्टी वाचून दाखवतात तेव्हा, टाळ्या वाजवतोय त्याचा व्हिडीओ पुण्याला फॅमिली ग्रुपवर पाठवावासा वाटणं साहजिक आहे, पण मागे दहा मुलं असतात. त्यातलं एखादं फॉस्टर केअरमधलं, म्हणजे आईबाबांपासून काढून सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला ठेवलेलं असतं, त्याचा चेहरा बाहेर जाऊ द्यायचा नसतो. एखादी आई मारणाऱ्या नवऱ्यापासून लपून दुसऱ्या गावात राहत असते. हे आपल्याला बघून कळत नाही. नातवाचा काढा, तो एकटाच फ्रेममधे असेल असा.

आता वाड्याचं, कारण तुमच्या कॉमेंटमधलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य ते आहे. पोरं सगळ्यांची असायची, हो, मीही तशीच वाढले, कोणाच्याही घरी जेवायचं, कोणीही रागवायचं, ते प्रेम खरं होतं आणि इकडे एकट्याने मूल वाढवताना त्याची फार आठवण येते. पण त्याच वाड्यांमधे कोणाच्या मांडीवर बसायचं नाही हे मुलींना माहीत असायचं, एकमेकींना सांगितलेलं असायचं, आणि मोठ्यांना सांगितलं की "असं बोलू नये, ते काका आहेत" असं उत्तर यायचं. 2007 मधे भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांमधल्या 12 हजारांवर मुलांना विचारून अहवाल काढला, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी, 53 टक्क्यांनी, लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं, मुलगेही त्यात होते, आणि करणारे बऱ्याचदा ओळखीचे, विश्वासातले लोक होते. ही अमेरिकेची आकडेवारी नाहीये. 2012 मधे आपल्याकडे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा आला, त्यात असा प्रकार कळला तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न्यूजर्सीतही कायदा तसाच आहे, संशयाला वाजवी कारण असेल तर कोणीही असो, कळवायचं. तेव्हा "हे परदेशी खूळ" असं मी मानत नाही. तुम्ही शिक्षक होतात, वर्गातल्या एखाद्या मुलाचं अचानक गप्प होणं तुम्ही नक्की बघितलं असेल.

एका बाबतीत मात्र तुमचं म्हणणं मला पटतं. हा नियम सगळीकडे सारखा लावला जातो का? नाही. एकट्या बाईला कमी हटकतात, पुरुषाला लगेच. त्यात तो काळा असेल, सावळा असेल, कपडे साधे असतील, इंग्रजी अडखळत असेल तर अजून लगेच. हे चूक आहे आणि मी आमच्या मीटिंगमधे बोलते. आई घरी आणि बाबा मुलाला घेऊन आलेत हेही आता रोजचं आहे, त्या बाबांना कोणी तिरक्या नजरेने बघता कामा नये. नियम दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा, शक्य तिथे हिंदी, गुजराती, स्पॅनिशमधेही, म्हणजे आत बसल्यावर उठवायची वेळ येणार नाही. तुमच्या लायब्ररीत पाटी नव्हती असं तुम्ही लिहिलंय, तसं असेल तर तक्रार जरूर करा, डायरेक्टरला ईमेल करा, लायब्ररी बोर्डाच्या मीटिंग लोकांसाठी खुल्या असतात, मुलाबरोबर जाऊन बोला, तो टॅक्स भरतो त्याचा खरा उपयोग तिथे आहे.

आणि शेवटचं. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला मुलांना गोष्टी सांगायला आवडतं, शाळेत शनिवारी सांगायचात. काका, त्यासाठी मुलांच्या विभागात एकटं बसायची गरज नाही. बऱ्याच लायब्ररीत वेगवेगळ्या भाषांतला स्टोरीटाइम करायला माणसं हवी असतात, मराठीसाठी तर कोणी मिळतच नाही. व्हॉलंटियरचा फॉर्म डेस्कवर मिळतो, मुलांबरोबरच्या कामासाठी बऱ्याच ठिकाणी बॅकग्राउंड चेक, म्हणजे आधी काही गुन्हा वगैरे नाही ना याची तपासणी असते, मलाही ती द्यावी लागली, त्यात काही कमीपणा नाही. व्हिजिटर म्हणून आलेल्यांना चालतं का ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, आधी मुलाला फोन करून विचारायला सांगा. नाहीच जमलं तर नातवाला घेऊन स्टोरीटाइमला जा आणि संपल्यावर तिथेच गालिच्यावर बसून त्याला मराठीत गोष्ट सांगा, बाकीची मुलं आपसूक येऊन ऐकतात, मी बघितलंय, त्यांना एक शब्द कळत नसला तरी.