श्रावणातला मांसाहारी

गोव्यातल्या मासेखाऊ हिंदू माणसाची परीक्षा १ जूनला सुरू होते. त्या दिवसापासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी. मग ट्रॉलर समुद्रात उतरतात, बाजारात बांगडे आणि सुंगटं (म्हणजे कोळंबी) यांचे ढीग दिसू लागतात, दर जरा माणसांत येतात आणि बहुतेक वर्षी नेमका त्याच सुमाराला आमच्या घरी श्रावण लागतो. सरकार आणि पंचांग यांनी मिळून रचलेला हा कट आहे, हे माझं जुनं मत. मग चवथीचं विसर्जन होईपर्यंत मुगागांठी, अळसांद्यांचं तोणाक, खतखतें. सगळे चांगले पदार्थ आहेत, मी नाही म्हणत नाही. पण माणसाने किती दिवस चांगलं राहायचं?

अशा उपासमारीत परसातल्या जास्वंदीवर तो आला.

सकाळी देवाची फुलं काढणं हे आमच्या घरात माझ्याकडचं खातं. फुलाला हात घातला तर शेजारच्या हिरव्या काडीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. किड्यांचं एक बरं असतं, ते माणसाची दखल घेत नाहीत. झुरळ पळतं, मुंगी कामात असते. हा प्रार्थनाकीटक मात्र तिकोनी तोंड वाकडं करून मला असा न्याहाळत होता, की बनियन बदलून यायला हवं होतं असं वाटलं. परडी तिथेच टाकून मी पडवी गाठली.

"कितें जालें रे?" आईने विचारलं. मग स्वतःच जाऊन पाहिलं आणि तिथेच हात जोडले. "पळय, हात जोडून बसला तो! मारूं नाका हां ताका."

जणू मारायची माझी छाती होती.

बायको आली. झाडाच्या पलीकडे उभी राहून म्हणाली, "तुमच्याकडे कुठे? माझ्याकडेच बघतोय." मी अलीकडून म्हणालो, माझ्याकडे. (घरात आम्ही कोकणी बोलतो, वाद लांबणार असं दिसलं की मराठीवर येतो.) शेवटी प्राणिशास्त्र शिकणाऱ्या भाच्याने निवाडा केला. त्या मोठ्या डोळ्यातला काळा ठिपका म्हणजे बुबुळ नव्हेच. डोळा असंख्य बारीक नळ्यांचा. ज्या नळ्या सरळ आपल्या दिशेला असतात त्या उजेड गिळतात, म्हणून तेवढाच भाग काळा दिसतो. त्यामुळे कुठेही उभे राहा, तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. शिवाय हे दोन मोठे डोळे सोडून कपाळावर आणखी तीन बारके, म्हणजे एकूण पाच. आणि कान एकच, तोही छातीखाली, वटवाघळाचा आवाज टिपण्यापुरता. या माहितीने माझी भीती कमी होईल असं त्याला का वाटलं, देव जाणे.

त्याला एवढ्यावर थांबवतं कोण? इंग्लंडात न्यूकॅसल विद्यापीठात या किड्यांना मधमाश्यांच्या मेणाने इवलाले चष्मे चिकटवून त्रिमितीय सिनेमा दाखवला होता म्हणे. २०१६ साली निष्कर्ष छापून आला : यांना खोली कळते, भक्ष्य किती लांब आहे ते बरोबर जोखतात.

"किड्याला चष्मा?" आई म्हणाली. "आणि माझा कधीचा बदलायचा राहिलाय."

विषय माझ्यावर घसरला म्हणून मी घाईने विचारलं, याचे नातेवाईक कोण? भाचा म्हणाला, झुरळं. अगदी जवळचे. मला वाटलं, आता बाजी पलटली. झुरळ दिसलं की आईची चप्पल आईच्या आधी पोचते. पण ती शांतपणे म्हणाली, "सोयरे सगळ्यांचेच असे असतात," आणि सहज बायकोच्या माहेरच्या दिशेला पाहिलं. मराठीत आणखी अर्धा तास गेला.

त्यानंतरच्या एका श्रावणी सोमवारी, आईच्या डोळ्यांदेखत, भक्ताने मधमाशी धरली. धरली म्हणजे काय, दिसलंच नाही. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत ते जोडलेले हात सुटून परत मिटले, आणि मिटले तेव्हा त्यात माशी होती. त्या हातांना आतून काट्यांच्या रांगा असतात; नमस्कार कसला, तो सापळाच. मग त्याने जिवंत माशी सावकाश, चवीने खाल्ली, आणि शेवटी दोन्ही हात चाटून तोंड पुसलं. तुळशीवृंदावनापासून चार हातांवर!

मी आईकडे पाहिलं.

"भूक लागली असेल," ती म्हणाली.

जन्मापासून या घरात श्रावण पाळतोय. मला भूक लागली असेल, असं कोणालाही कधी सुचलेलं नाही. मी मुद्दा मांडला की हा मधमाश्या खातो, आता दोडकी-काकड्यांना फळं कशी धरायची? आई म्हणाली, भेंडीवरचे सुरवंटही खातो, ते नाही दिसत तुला. दोन्ही खरं आहे. मित्र आणि शत्रू असा भेद तो करतच नाही, हलेल त्याला धरतो. फुलं काढताना मी न हलता कशी काढायची, यावर घरात कोणाकडेच उत्तर नव्हतं.

पुढे भाच्याने पोटाची वळी मोजली आणि जाहीर केलं की ही मादी. बायकोला अचानक विषयात गोडी वाटू लागली. मीलनाच्या वेळी मादी कधीकधी नराचं डोकंच खाते, हे तिने चहा ओतता ओतता दोनदा वदवून घेतलं.

"दर वेळी नाही काही," भाचा मला धीर देत म्हणाला. "भुकेली असली तर जास्त."

"बघा," बायको म्हणाली, "बाजार वेळेवर आणणाऱ्याला काही करत नाही ती."

चवथ तोंडावर आली. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला, कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस जमवायची धांदल, आणि तेवढ्यात जास्वंदीच्या फांदीवर तिने फेसाचा एक गोळा घातला, जो वाळून खाकी, टणक झाला. आत अंडी. पिल्लं शंभराच्या वरही निघू शकतात आणि भूक लागली तर एकमेकांनाही खातात, अशी शुभवार्ता भाच्याने दिली. आईने तत्काळ फतवा काढला : त्या फांदीला हात लावायचा नाही, घरात बाळंतीण आहे. फुलं बाजारातून. चवथीतला अबोलीच्या फातींचा दर मी सांगून पाहिला; उपयोग झाला नाही.

पिशवी घेऊन निघालो, तर आईने मागून हाक मारली. आवाज जरा खाली आणून म्हणाली, "ती सुकलीय रे. बाळंतिणीला काहीतरी सकस नको? सुंगटं आली असतील बाजारात, तिच्यापुरती चार आण."

मी जागच्या जागी हिशेब केला. चार सुंगटं कोण देतो? निदान अर्धा किलो तरी घ्यावीच लागणार. उरलेली टाकून देणं म्हणजे अन्नाचा अपमान. मी दुसरी पिशवी घेतली.

"पण आजी, ती जिवंत आणि हलणारंच खाते," भाचा म्हणाला.

पुढच्या वर्षी त्याला सुट्टीत बोलवायचं की नाही, यावर मी विचार करतो आहे.