शेवटी खून केला कोणी?

"बरं, मग शेवटी खून केला कोणी?"

'राशोमोन' हा जपानी चित्रपट संपून पुरते दिवेही लागले नव्हते. शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ अख्खे माझ्याकडे वळून बसले होते. चेहऱ्यावर भाव असे, की फसवणूक झालीय आणि तक्रार कुठे करायची ते आता सापडलंय.

प्रस्तावना लांबवत नाही. आमच्या फिल्म क्लबने 'अभिजात ते भयपट' अशी मालिका ठेवली होती. खुर्च्यांना नंबर, आणि मालिका संपेपर्यंत ज्याची खुर्ची त्याची. खुर्ची कायम म्हणजे शेजारीही कायम, हे कोणी तिकिटावर छापत नाही.

"ते सांगितलेलंच नाही," मी म्हणालो. "दरोडेखोर म्हणतो मी मारलं. बायकोच्या बोलण्यावरून वाटतं तिच्या हातून झालं. आणि मेलेला सामुराई मांत्रिक बाईच्या तोंडून सांगतो, मीच स्वतःला भोसकून घेतलं. म्हणजे एरवी आरोप झटकतात, इथे प्रत्येक जण तो..."

"ते मी पाहिलं हो. खरं कोण बोलतंय?"

"तेच तर..."

"लाकूडतोड्या ना? शेवटी बाळ घरी घेऊन जातो तो. चांगला माणूस आहे."

"त्याच्यावर खंजीर लांबवल्याचा संशय आहेच की."

"चोरी वेगळी, खून वेगळा. तुम्ही दोन्ही मिसळताय."

मी मिसळतोय! दिग्दर्शक अकिरा कुरोसावाने 1950 साली जे मिसळून ठेवलं, ज्यासाठी पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला 'गोल्डन लायन' दिला, ते मी मिसळतोय. मी गप्प बसलो. ते माझ्या मागोमाग जिना उतरले. पार्किंगमध्ये गाडीच्या दारावर हात ठेवून, आवाज खाली आणून म्हणाले, "ठीक आहे, सगळ्यांसमोर नाही बोललात. पण मनातलं सांगा. मी कोणाला सांगणार नाही."

त्यांना मनापासून वाटत होतं की मला माहीत आहे आणि मी लपवतोय. आणि यात थोडा दोष कुरोसावाचाही आहे. त्या चित्रपटातला न्यायाधीश कधी दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. साक्षीदार थेट कॅमेऱ्याकडे बघून जबानी देतात, म्हणजे निवाड्याची खुर्ची प्रेक्षकाला दिलेली असते. या गृहस्थांनी ती उचलून माझ्या बुडाखाली सरकवली आणि आपण निकालाची वाट पाहत उभे राहिले. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की खुद्द कुरोसावाचे सहायक दिग्दर्शकही 'पटकथा कळली नाही' म्हणून त्याच्याकडे गेले होते. समजावून सांगितल्यावर त्यातल्या एकाचं तरीही समाधान झालं नाही आणि पुढे त्याला काम सोडावं लागलं. कुरोसावाला ती सोय होती.

माझं मत विचाराल तर 'राशोमोन'मधला खून कोणी केला यात मला काडीचाही रस नाही. पानांतून झिरपणारं ते ऊन, त्यातून चालत जाणारा लाकूडतोड्या आणि त्याच्या खांद्यावरची चमकणारी कुऱ्हाड, एवढ्यासाठी मी तो पुन्हा बघेन. वेशीवरचा पाऊस पडद्यावर ठसठशीत दिसावा म्हणून पाण्यात शाई कालवली होती म्हणे, आणि तो तसा दिसतोही. शेवटचं बाळ मात्र मला आजही वरून चिकटवल्यासारखं वाटतं. पण हे मला कोणी विचारलंच नाही.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'ला (1957) मला जरा आशा होती. बारा माणसं, एक खोली, जेमतेम दीड तास, यात विचारण्यासारखं काय असणार? खुनाचा आरोप असलेल्या एका पोराला ज्युरीपैकी अकरा जण 'दोषी' म्हणतात, एकटा हेन्री फोंडा 'थांबा' म्हणतो, आणि मग एकेक जण फिरतो. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने यात कॅमेऱ्याच्या भिंगांशी मोठा चावटपणा केलाय: चित्रपट पुढे सरकतो तशी जास्त लांबीची भिंगं लावत गेला, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात आणि आपलाही जीव गुदमरायला लागतो. फोंडा फारच सोज्ज्वळ आहे. माझा जीव शेवटपर्यंत भांडणाऱ्या ली जे. कॉबवर. हे सगळं अनुभवत मी छान गुदमरत असताना कानाशी आवाज आला, "पंखा का नाही लावत?"

पंखा बंद आहे, असं मी सांगितलं. पुढे पाऊस येतो, अंधारून येतं, कोणीतरी दिवे लावतं आणि पंखा फिरायला लागतो. दोन्हींचं बटण एकच असतं. गृहस्थांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "बघा! चालू होता. नीट तपासायचं नाही आणि निघाले न्याय करायला." मग शेवटी अर्थातच, "पण खून त्या पोराने केला होता की नव्हता?"

'नोस्फेराटू'च्या वेळी तर मला उठवलं. 1922 चा मूकपट, त्याला साथीचं संगीत. पाचेक मिनिटं त्यांनी कळ काढली आणि म्हणाले, "बोलणं बंद पडलंय. नुसतं म्युझिक येतंय. जरा ऑपरेटरला सांगून या, तुम्ही कडेला आहात." मी समजावलं. ते म्हणाले, "पूर्ण सिनेमाभर?" मी मान डोलावली. मग ते बोलले. पूर्ण सिनेमाभर. पडद्यावर शांतता आहे म्हणजे ती जागा रिकामी आहे, असा त्यांचा समज झाला असावा. 'ड्रॅक्युला' कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर याच्या विधवेने, ती कादंबरी या चित्रपटाने ढापली म्हणून, कोर्टात जाऊन या चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला होता. काही प्रती वाचल्या. सूर्यप्रकाशाने रक्तपिपासू मरतो, हा आता सर्वमान्य झालेला नियम या चित्रपटाचा. मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. जिन्यावरून चढत जाणारी ती लांब बोटांची सावली मी यंदा तुकड्यातुकड्यांत पाहिली, कारण उरलेला वेळ मी "नाही, तो दलाल आहे" असं सांगत होतो.

आता 'सायको'. हे लिहायला बसलो ते खरं यासाठी.

हिचकॉकने 1960 साली थिएटरवाल्यांना बजावलं होतं, की चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही. उशिरा येणाऱ्यांचा बंदोबस्त झाला. वेळेवर येणाऱ्यांचं काय करायचं हे त्याला सुचलं नाही. न्हाणीघराच्या प्रसंगात आमच्या शेजाऱ्यांना रक्त खोटं वाटलं. बरोबरच आहे, ते चॉकलेटचं सिरप होतं, काळ्या-पांढऱ्यात खपून गेलं. हिचकॉकला त्या प्रसंगाला संगीतच नको होतं; संगीतकार बर्नार्ड हरमनने व्हायोलिनांच्या किंकाळ्या ऐकवल्या आणि त्याचं मत बदललं. असलं मत बदलणं मला मान्य आहे. ज्याचं बदललं त्याने श्रेयही दिलं.

तर शेवट. सगळा उलगडा झाल्यावर एक मानसोपचारतज्ज्ञ उभा राहतो आणि आपण नुकतंच जे पाहिलं ते आपल्यालाच समजावून सांगतो. सांगतच राहतो. मी पुटपुटलो, "हा डॉक्टर कापायला हवा होता. याने सगळी भीती घालवली." गृहस्थ खवळले. "अहो, काय बोलताय! एवढ्या दिवसांत पहिला शहाणा माणूस भेटलाय. किती व्यवस्थित सांगतोय! त्या जपान्यांकडे असा एक डॉक्टर असता तर?"

चित्रपटानंतर चर्चा असते. संयोजकांनी विचारलं, कोणाला काही मांडायचंय? शेजारचा हात वर गेला. माइक आला. गृहस्थ उभे राहिले, घसा खाकरला. "माझ्या मते तो डॉक्टर कापायला हवा होता. त्याने सगळी भीती घालवली." आणि मग, हे जास्त लागलं, स्वतःची भर घातली: "म्हणजे जादूगाराने ससा काढावा आणि मग टोपी उलटी करून आतला कप्पा दाखवत बसावा, तसं झालं."

टाळ्या! पहिल्या रांगेतल्या बाई मागे वळून 'वा' म्हणाल्या. खाली बसताना ते माझ्याकडे झुकले. "बरं बोललो ना?"

मी काय बोलणार? मत माझं होतं, सशाची उपमा त्यांची होती, आणि खरं सांगायचं तर उपमा बरी होती. 'महल'मधलं (1949) 'आयेगा आनेवाला' गाजलं तेव्हा तबकडीवर लताबाईंचं नावच नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं नाव होतं, 'कामिनी'. पण तेव्हा श्रोत्यांनी रेडिओला पत्रं पाठवून विचारलं तरी, की गातंय कोण? माझ्या वतीने कोण पत्र लिहिणार?

यात गृहस्थांना एकट्याला धरण्यात अर्थ नाही, हेही कळतं. हल्ली चित्रपट संपायच्या आत लोक फोनवर 'शेवटाचा अर्थ' शोधतात. अंधारात एकेक निळा चेहरा उजळतो. कोणीतरी आठ मिनिटांत समजावणारा असतो, तो तारे देतो, आणि घरी जाताना सगळ्यांकडे एकच मत असतं, त्याचं. दोन तास खर्च करून माणसाला स्वतःचं काही वाटू नये? कंटाळा तरी स्वतःचा येऊ द्या. नव्या भयपटांनाही हे पक्कं ठाऊक आहे. भीती वाटते की नाही हा निर्णयसुद्धा ते आपल्यावर सोडत नाहीत. आधी मुद्दाम शांतता, मग कानठळ्या. असं तर मला कोणीही मागून डबा वाजवून उडवू शकतं.

'तुंबाड' (2018) त्याला अपवाद, म्हणून आवडला. भूत-बित बाजूला राहू दे, माणसाची हाव इतकी ओली, चिखलाने माखलेली मी कुठे पाहिली नव्हती. त्यात विनायक कणकेची बाहुली घेऊन उतरतो, हस्तर नावाच्या शापित देवाच्या लंगोटातून मूठभर मोहरा झटकून पळतो, पुन्हा येतो. गृहस्थ अस्वस्थ झाले. "हे काय लावलंय? दर वेळी मूठभर? अख्खा लंगोटच घेऊन यायचा!"

आणि थोड्या वेळाने विनायकाचा पोरगा बापाला शब्दशः तेच सुचवतो. गृहस्थांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. पुढे त्या युक्तीचं काय होतं ते पाहिलेल्यांना माहीत आहे. ते मात्र चित्रपट संपेपर्यंत कृतार्थ होते.

बाहेर आल्यावर मी संयोजकांना गाठलं. म्हटलं, पुढच्या मालिकेत माझी खुर्ची बदला, कुठेही द्या, खांबामागे द्या. त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं, गोंधळले.

"अहो, पण तुमचे मित्र आत्ताच येऊन दोन खुर्च्या शेजारी-शेजारी धरून गेले. तुमच्या दोघांच्या." मग वहीत बघून, "पैसे तुमच्याकडून घ्यायला सांगितलेत."