लिंबाचा पीएच 9.9 नसतो, आणि असता तरी…

2020 मध्ये कोरोनाच्या साथीत फिरलेला एक मेसेज अजूनही थोडाफार बदलून येत असतो. दावा असा: विषाणूचा पीएच 5.5 ते 8.5 असतो, म्हणून त्याहून जास्त पीएचचे पदार्थ खा. खाली यादी: लिंबू 9.9, लसूण 13.2, अ‍ॅव्होकाडो 15.6, डँडेलियन (एक रानफुल) 22.7. नव्या आवृत्तीत विषाणूच्या जागी कॅन्सर येतो, तो अल्कलाइन वातावरणात जगत नाही असा दावा असतो आणि जोडीला जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांचं नोबेल.

आधी यादी पाहू. पीएच म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी (अल्कलाइन) आहे त्याचं माप. त्याची नेहमीची मोजपट्टी 0 ते 14: 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली. कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण 14 च्या आसपास जातं. लसूण खरंच 13.2 असता तर सोलतानाच बोटं भाजली असती. प्रत्यक्षात लसूण 6 च्या जवळपास, अ‍ॅव्होकाडो साधारण 6.5, अननस 3.2 ते 4 आणि लिंबाचा रस 2 ते 2.6. पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, त्यामुळे लिंबाच्या बाबतीतली चूक कोटींच्या पटीत जाते. आम्ल लागलं की लाल होणाऱ्या निळ्या लिटमस कागदावर रसाचा एक थेंब टाका, तो लाल होईल. यादी निकालात काढायला एवढं पुरे.

विषाणूला स्वतःचा पीएच नसतो. पीएच असतो तो द्रावणाचा. 5.5 ते 8.5 हे आकडे 1991 च्या एका शोधनिबंधातून उचललेले आहेत. तो उंदरांमधल्या कोरोनाव्हायरसबद्दल होता आणि त्यात संसर्ग झालेल्या पेशी कोणत्या पीएचला एकमेकींत मिसळतात ते तपासलं होतं. आहाराचा तिथे संबंधच नाही.

‘लिंबू आंबट खरं, पण पोटात गेल्यावर अल्कलाइन होतं’ हा बचाव मात्र अर्धा खरा आहे. लिंबातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा क्षार, होतं आणि लघवीचा पीएच वाढू शकतो. काही प्रकारच्या मूतखड्यांत पोटॅशियम सायट्रेट देतात ते याचसाठी. पण रक्त 7.35 ते 7.45 मध्येच राहतं. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंडं उरलेलं आम्ल किंवा अल्कली. लघवी 4.5 ते 8 अशी हेलकावते ती त्यामुळेच. लघवीत पट्टी बुडवून ‘शरीर अल्कलाइन झालं’ म्हणणारा फक्त बाहेर काय टाकलं गेलं ते मोजत असतो.

जास्त पीएचचं म्हणून विकल्या जाणाऱ्या अल्कलाइन पाण्याचं गणित तर कागदावरच कोसळतं. क्षार जवळजवळ नसलेल्या, पीएच 9 च्या एक लिटर पाण्यातली अल्कली पीएच 2 च्या जेमतेम 1 मिलिलिटर आम्लाला पुरते. जठर दिवसाला लिटरच्या वर पाचकरस तयार करतं. बाटलीवरचा पीएच पाहून काही कळत नाही, कारण आम्ल शमवण्याची ताकद पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटच्या प्रमाणावर ठरते.

वॉरबर्ग यांना 1931 चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या विकराचं (एन्झाइमचं) स्वरूप आणि कार्य उलगडल्याबद्दल. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज आंबवून लॅक्टिक आम्ल बनवतात, हे निरीक्षणही त्यांचंच. म्हणजे गाठीभोवतीचं आम्ल गाठच तयार करते. शिवाय प्रयोगशाळेत या पेशी साधारण 7.4 पीएचच्या, म्हणजे किंचित अल्कधर्मी, द्रवातच मजेत वाढतात. ‘अल्कलाइन वातावरणात कॅन्सर जगत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा पाहावं.

‘करून बघायला काय जातं?’ हेही ऐकू येतं. दातांचं एनॅमल, म्हणजे वरचा कठीण थर, पीएच सुमारे 5.5 च्या खाली विरघळू लागतं, त्यामुळे दिवसभर घोट घोट लिंबूपाणी पिणं त्याला महागात पडतं. प्यायचंच तर एका बैठकीत संपवा, साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश लावू नका. मऊ झालेला थर घासून निघतो. शरीर अल्कलाइन करायला खाण्याचा सोडा घेण्याचा प्रयोग त्याहून वाईट. चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम सोड्यात सुमारे 1,350 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली दिवसाची मर्यादा 2,000 च्या आत आहे. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. फार सोडा घेतल्यास रक्त खरोखरच अल्कलाइन होऊ शकतं. तेव्हा पोटॅशियम घटतं, स्नायूंत पेटके येतात, हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि रुग्णाला दाखल करावं लागतं.